वाचकांचे प्रश्न : फोन टॅपिंगचा आदेश, सही कोणाची आणि मुदत किती?

प्रश्न : पोलीस ठाण्यातल्या निरीक्षकाला वाटलं म्हणून तो एखाद्याचा फोन टॅप करू शकतो का?

नाही. निरीक्षकच काय, पोलीस आयुक्तही स्वतःच्या सहीने नेहमीचा टॅपिंग आदेश काढू शकत नाहीत. तो अधिकार राज्यात गृह सचिवांचा (महाराष्ट्रात अपर मुख्य सचिव, गृह) आणि केंद्रात केंद्रीय गृह सचिवांचा. अटळ परिस्थितीत सहसचिव किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या, आधीच अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची सही चालते.

आधी हे 1885 च्या टेलिग्राफ कायद्याचं कलम 5(2) आणि त्याखालचा नियम 419-अ यांखाली चाले. आता 2023 च्या दूरसंचार कायद्याचं कलम 20(2) आणि 6 डिसेंबर 2024 चे इंटरसेप्शन नियम लागू आहेत. कायदा बदलला तरी सांगाडा जुनाच आहे. 1996 मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो आखून दिला होता.

तातडीची एक वाट ठेवली आहे. दुर्गम भाग असेल किंवा कारवाईच्या निकडीमुळे मंत्रालयापर्यंत जाणं शक्य नसेल, तर राज्यात अधिकृत यंत्रणेचा प्रमुख किंवा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी आदेश देऊ शकतो. त्याचा दर्जा विशेष पोलीस महानिरीक्षकाच्या खाली नको. त्यानंतर कामाच्या तीन दिवसांत तो आदेश गृह सचिवांपुढे जायला हवा आणि निघाल्यापासून कामाच्या सात दिवसांत कायम व्हायला हवा. म्हणजे सोमवारी आदेश निघाला, तर मधे सुट्टी नसल्यास गुरुवारपर्यंत कागद मंत्रालयात आणि पुढच्या बुधवारपर्यंत सही. सही झाली नाही तर टॅपिंग तिथेच थांबतं आणि तोवर ऐकलेलं कुठेही वापरता येत नाही, न्यायालयात पुरावा म्हणूनही नाही.

प्रश्न : लाचेच्या किंवा करचुकवेगिरीच्या प्रकरणात टॅपिंग चालतं का?

खरा वाद इथेच आहे. कायदा दोन पायऱ्या सांगतो. पहिली, सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता. ती ओलांडल्यावरच दुसरी : देशाचं सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणं, यांपैकी एक कारण. ‘गुन्ह्याचा तपास’ एवढंच कारण या यादीत नाही, आणि नेमकं तेच बऱ्याच आदेशांत खरं कारण असतं.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये सीबीआयच्या लाच प्रकरणातले तीन टॅपिंग आदेश रद्द केले आणि त्यातून मिळालेली ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितलं. सार्वजनिक सुरक्षिततेला धोका कुठे, याचं उत्तर आदेशात नव्हतं. 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही त्याच दिशेने निकाल दिला. दिल्लीत मात्र त्याच वर्षी भ्रष्टाचाराच्या प्रकरणातलं टॅपिंग वैध ठरलं. त्यामुळे एकाच मुद्द्यावर कुठल्या न्यायालयापुढे उभे आहात, यावर बरंच काही ठरतं.

प्रश्न : खोलीत लपवलेला मायक्रोफोन या नियमांत बसतो का?

दूरसंचार कायदा तारेवरून किंवा हवेतून जाणाऱ्या संदेशांपुरता आहे. चहा पिताना दोघे बोलले ते त्यात येत नाही. राज्यात ती जागा मोक्का, म्हणजे 1999 चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, भरून काढतो. त्याच्या कलम 14 मध्ये ‘तोंडी संभाषण’ही येतं. अर्ज अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने करायचा. जागा कुठली, संभाषण कुठल्या प्रकारचं, व्यक्ती माहीत असल्यास कोण आणि तपासाचे इतर मार्ग का फसले किंवा का जमणार नाहीत, हे सगळं त्यात लिहावं लागतं. शेवटचा रकाना सर्वांत दुबळा असतो, एका ओळीत उरकलेला. परवानगी जास्तीत जास्त 60 दिवसांची. तातडीत अपर पोलीस महासंचालक मंजुरी देऊ शकतात, पण 48 तासांत रीतसर अर्ज हवाच. मुंबई उच्च न्यायालयाने ही कलमं रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ती वैध ठरवली.

मोक्का नसलेल्या प्रकरणात मायक्रोफोन लपवायला असा स्वतंत्र, नेमका कायदा नाही. आमच्या मते ही मोठी फट आहे.

प्रश्न : माझ्या दोषारोपपत्राला टॅपिंगचे उतारे जोडले आहेत. वकिलाने आधी काय पाहावं?

उतारे नंतर वाचा, आधी तारखा जुळवा. प्रत्येक आदेश 60 दिवसांचा, मुदतवाढ धरून एकूण 180 दिवस. पहिला आदेश संपला आणि दुसऱ्यावर दोन दिवस उशिरा सही झाली, तर मधल्या दोन दिवसांतलं प्रत्येक संभाषण आदेशाविना टॅप झालेलं असतं. एका कागदावर मोबाइल क्रमांक, आदेशाची तारीख, संपण्याची तारीख आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाची तारीख-वेळ असे रकाने पाडा; फट लगेच दिसते. क्रमांकातला एखादा आकडा आदेशात वेगळा आहे का, तेही पाहा.

मग आदेशाचा मजकूर. कारणं लिहिली आहेत की कलमाचे शब्द नुसते उतरवलेत? पुनर्विलोकन समितीपुढे तो गेला का? या समितीत मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृह सोडून आणखी एक सचिव असतात. न्यायाधीश एकही नाही, म्हणजे सरकारने दिलेला आदेश सरकारच तपासतं.

मोक्काच्या खटल्यात आदेशाची आणि अर्जाची प्रत खटल्याच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला मिळायला हवी. ही मुदत न्यायालय माफ करू शकतं.

शेवटी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र. भाग ‘अ’ उपकरण सांभाळणाऱ्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, दोन्हींत हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिचा अंक-अक्षरी ठसा. न्यायालयातल्या पेनड्राइव्हचं हॅश पुन्हा काढून जुळवा. एक आवाज कापला तरी ते बदलतं.

प्रश्न : समोरच्यानेच संभाषण रेकॉर्ड करून पोलिसांना दिलं तर?

ते टॅपिंग नाही. 1972 च्या मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य निकालात पोलिसांनी एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्याच फोनला टेपरेकॉर्डर जोडला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा मान्य केला. लाचलुचपत विभागाचे सापळे तक्रारदाराच्या हाती रेकॉर्डर देतात, ते याच आधारावर. इथे भांडायचं ते आवाज कोणाचा आणि छेडछाड झाली का, यावर.

प्रश्न : फोनमध्ये खरखर येते. *#21# दाबल्यावर टॅपिंग कळतं म्हणतात, खरं का?

नाही. तो कोड कॉल दुसऱ्या क्रमांकावर वळवले आहेत का, एवढंच सांगतो. कायदेशीर टॅपिंग मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत होतं, आदेश कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जातो. तुमच्या हँडसेटला त्याची चाहूलही लागत नाही. खरखर नेटवर्कची. मात्र *#21# ला अनोळखी क्रमांक दिसला तर ##002# दाबून सगळी वळवणी रद्द करा, कारण ओटीपी चोरणारे फोनवरून नेमकी अशीच वळवणी करवून घेतात.

प्रश्न : सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद, काढायलाही गृह सचिव लागतात?

नाही. कोणी कोणाला, कधी, किती सेकंद आणि कुठल्या टॉवरवरून फोन केला, एवढंच त्यात असतं, बोलणं नसतं. तपासात बीएनएसएसच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम 94 खाली ते मागवतात. कंपन्यांना ही नोंद किमान दोन वर्षं ठेवावी लागते, त्यामुळे निर्दोषत्वासाठी टॉवरची नोंद हवी असेल तर ती जपून ठेवण्याचा अर्ज न्यायालयात लवकर करा.