दिवाळीत 13 जणांचं गोवा: व्हिला घ्यायचा की हॉटेल?

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो. भाऊबीज झाल्यावर सासू-सासरे, दीर-जाऊ, नणंद-नंदोई, हे दोघं आणि पाच पोरं असे 13 जण गोव्याला निघालेत, चार रात्री. दिरांनी अ‍ॅपवर शिवोलीकडे चार बेडरूमचा व्हिला शोधलाय, पूल आहे, किचन आहे, 20,000 रुपये रात्र. मिस्टर म्हणतात कोलव्याला साधं हॉटेल घेऊ, पाच रूम, 4,200 रुपये एक, नाश्ता त्यातच. राहणं, खाणं, फिरणं हे सगळं ताईंच्या सव्वा लाखाच्या आरडीतून, जी ऑक्टोबरमध्ये मॅच्युअर होतेय, गाडीचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. दिरांचा हिशोब असा की हॉटेलचे रोजचे 21,000 होतात, व्हिलाचे 20,000, वर जेवण घरी, म्हणजे व्हिला स्वस्तच. आणि मालकाशी फोनवर बोलणं झालंय, अ‍ॅप सोडून थेट पैसे टाकले तर 10,000 कमी करतो म्हणतोय. ताई विचारतात, बरोबर आहे ना?

ताई, आधी उत्तर देतो मग कारणं. या वेळी हॉटेल घ्या. व्हिला वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, पण तुमच्या या ट्रिपला, या पैशात, तो बसत नाही.

रात्रीचा रेट बघून कधीच ठरवू नका. तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट शेवटपर्यंत वाचला तर 80,000 भाडं, 3,000 साफसफाईचे, त्या 83,000 वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 14,940, आणि अ‍ॅपची फी 8,000, एकूण 1,05,940 रुपये. हॉटेलचं बघा, पाच रूमचे चार रात्रीचे 84,000, दोन जादा गाद्यांचे 600 प्रमाणे 4,800 (सगळ्यात धाकटा आईबापाजवळच झोपेल, त्याचे पैसे नाहीत असं हॉटेलने सांगितलंय), आणि 88,800 वर 5 टक्के जीएसटी 4,440, एकूण 93,240. म्हणजे रोज हजाराने स्वस्त दिसणारा व्हिला चार रात्रीत 12,700 रुपयांनी महाग पडतो.

हा टॅक्सचा फरक कुठून आला ते समजून घ्या कारण पुढच्या प्रत्येक ट्रिपला कामी येईल. राहण्याच्या जागेवरचा जीएसटी एका युनिटच्या एका दिवसाच्या भाड्यावर ठरतो. 7,500 पर्यंत असेल तर 5 टक्के, त्याच्या वर गेलं की 18. 22 सप्टेंबर 2025 च्या आधी हा खालचा दर 12 टक्के होता, तेव्हा कुणी जुन्या सवयीने 12 लावून कोटेशन दिलं तर लगेच विचारा. आता हॉटेलची प्रत्येक रूम वेगळं युनिट, 4,200 ची, म्हणून 5 टक्के. अख्खा व्हिला एकच युनिट म्हणून दिला जातो, त्याचं भाडं 20,000, म्हणून 18 टक्के. माणसं तेवढीच, बेडरूम चार, माणशी भाडं जवळपास सारखं, तरी टॅक्स तिप्पटीच्या वर. मोठ्या कुटुंबाने एक मोठी जागा घेतली की हा फटका बसतो आणि तो कळतो शेवटच्या पानावर, पैसे भरायच्या बटणाजवळ. घरमालक जीएसटीत रजिस्टर नसला तरी अ‍ॅपवरून बुक केलं तर टॅक्स लागतोच, तो अ‍ॅपला भरावा लागतो.

आता जेवणाचं, कारण दिरांचा सगळा भर तिथे आहे. सासऱ्यांना शुगर आहे, बाहेरचं रोज नको, हे अगदी मान्य. मी असं धरलं की दुपारचं जेवण दोन्हीकडे बाहेरच होणार कारण तुम्ही फिरायला गेलेले असणार. रात्री 13 जण साध्या ठिकाणी जेवले तर 3,500 च्या आसपास, चार रात्रीचे 14,000. व्हिलात रात्रीचा स्वयंपाक केला तर किराणा-भाजीचे रोज 1,500, आणि नाश्ता पण तुम्हालाच करायचा, दूध-अंडी-पोहे-ब्रेड धरून रोज 800, चार दिवसांचे 9,200. म्हणजे किचनमुळे वाचले 4,800. व्हिला अजून 7,900 ने महागच.

आणि हे 4,800 कोण वाचवणार? तुम्ही, जाऊबाई आणि सासूबाई. नणंद माहेरपणाला आलेली, तिला कोणी ओट्याशी उभं करणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत हे मी सारखं बघतो, पुरुष मंडळी म्हणतात घरचं खाऊ, पैसे वाचतील, आणि परत आल्यावर बायका सांगतात की समुद्र संध्याकाळी जेमतेम अर्धा तास बघितला. एका वहिनींनी मला सविस्तर सांगितलं होतं, व्हिलाचं किचन फोटोत चकाचक, गेल्यावर बघतात तर एक इंडक्शन, दोन नॉनस्टिक पातेली, काचेचे वाइनचे ग्लास डझनभर आणि ताटं सहा, पोळपाट-लाटणं नाहीच. घरून कळण्याचं पीठ, बिबडे, शेव सगळं नेलेलं, पण भाकरी शेकायला आच नाही आणि थापायला परात नाही, मग पहिल्या दिवशी बाजारात जाऊन परात-तवा-बेलणं विकत घेतलं. दोन खेपांत जेवणं, मग तेवढीच सहा ताटं धुवायची आणि पुढची पंगत. दिवाळीभर फराळाला राबलेल्या बाईला लगेच चार दिवस परमुलखात 13 जणांचा स्वयंपाक, याची किंमत तुमच्या घरातल्या हिशोबात कुठेच लिहिलेली नाही. मला ती लिहावीशी वाटते. रोज दोन वेळ येणारी स्वयंपाकाची बाई मालकाने दिली तर गोष्ट वेगळी, पण मग तिचे पैसे धरा, म्हणजे वाचलेले 4,800 पण राहत नाहीत.

सासऱ्यांसाठी एवढं करा, हॉटेलला आधीच फोन करून सांगा की रात्री साधं वरण-भात, भाजी, पोळी, तेल कमी, साखर नाही, असं मिळेल का. ज्या हॉटेलात स्वतःचं छोटं रेस्टॉरंट असतं ते बहुतेक हो म्हणतात. त्यांच्या गोळ्या-इन्सुलिनसाठी रूममध्ये फ्रिज आहे का तेही विचारून घ्या.

टॅक्सी. गोव्यात ओला-उबर नाही. गोवामाइल्स नावाचं अ‍ॅप आहे, बाकी तिथल्या टॅक्सीवाल्यांशी ठरवायचं. तुम्ही भुसावळहून गोवा एक्सप्रेसने जाणार, ती पुणे-मिरज-बेळगाव करत लोंढ्यावरून मडगावला उतरवते. मडगावहून कोलवा सहा-सात किलोमीटर आणि शिवोली 45 च्या पुढे. 13 माणसं आणि सामान म्हणजे दोन मोठ्या गाड्या, जाताना आणि येताना. कमीत कमी धरलं तरी यात 5,000 चा फरक पडेल, आणि शिवोलीहून बीचवर जायचं तर रोज परत गाडी. कोलव्याच्या हॉटेलातून पोरं चालत समुद्रावर जातील, सासूबाईंचे गुडघे दुखले तर त्या रूमवर परत येऊ शकतील, सगळ्यांना एकाच वेळी निघावं लागणार नाही. गाडी सकाळी पोचते आणि चेक-इन दुपारी असतं, ते पण लक्षात घ्या. हॉटेलात रिसेप्शन असतं, सामान ठेवून घेतात, आणि विनंती केली तर निदान एक रूम सासू-सासऱ्यांसाठी लवकर देतात. व्हिलाची आधीची पार्टी 11 ला निघणार, मग साफसफाई, तोवर तुम्ही 13 जण बॅगा घेऊन कुठे बसणार?

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. आत्ता जून आहे आणि व्हिलावाला म्हणतो दिवाळीची तारीख आहे, आजच पूर्ण पैसे भरा. तुमच्याकडे आज पैसे नाहीत, आरडी ऑक्टोबरची, म्हणून दीर क्रेडिट कार्डावर ईएमआय करू म्हणतायत. पण रेल्वेचं रिझर्व्हेशन 1 नोव्हेंबर 2024 पासून प्रवासाच्या 60 दिवस आधीच उघडतं, पूर्वी 120 दिवस होतं. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, म्हणजे तुमची तीन तिकिटं, दिवाळीच्या गर्दीत, आणि तिन्ही कन्फर्म व्हायला हवीत. म्हणजे गाडीचं नक्की व्हायच्या कितीतरी आधी तुम्ही लाखभर रुपये गुंतवून बसणार. व्हिलाची अट तुम्हीच पाठवलीये, 30 दिवस आधीपर्यंत पूर्ण परत, त्यानंतर अर्धे, शेवटच्या आठवड्यात काहीच नाही. वेटिंग लिस्ट तर शेवटच्या आठवड्यातच कळते! घरात दोन म्हातारी माणसं आहेत, ऐनवेळी कुणाची तब्येत बिघडली तरी तेच. हॉटेल तुम्हाला दोन दिवस आधीपर्यंत फुकट कॅन्सल देतंय, आणि पाचातली एक रूम कमी करायची झाली तरी करता येते. नणंदेचं ऐनवेळी रद्द झालं तर हॉटेलचं बिल कमी होईल, व्हिलाचं एक रुपयाने होणार नाही.

शिवाय व्हिलाला 15,000 डिपॉझिट आहे. परत मिळतं, मान्य, पण ट्रिप संपल्यावर. सव्वा लाखातून 1,05,940 गेले, राहिले 19,060, त्यातले 15,000 डिपॉझिटला अडकले तर गोव्यात पाय ठेवताना तुमच्या हातात 4,060 रुपये. त्यात 13 जणांचं चार दिवस काय होणार? मग कार्ड घासलं जाणार, आणि कार्डाचं पूर्ण बिल वेळेत भरलं नाही तर त्याचं व्याज वर्षाला 36-45 टक्क्यांच्या घरात जातं. हॉटेल घेतलं तर 31,760 हातात राहतात आणि कुणाकडे डिपॉझिट नाही.

थेट पैसे टाकून 10,000 सूट, हे करू नका. अगदी कळकळीने सांगतो. अ‍ॅपवरून पैसे भरले तर निदान तक्रार करायला जागा असते, यूपीआयने अनोळखी माणसाला पाठवलेले पैसे परत आणणं फार अवघड. सुट्ट्यांच्या आधी दुसऱ्याच्या बंगल्याचे फोटो टाकून अ‍ॅडव्हान्स घ्यायचा आणि फोन बंद करायचा हे प्रकार सगळीकडे चालतात. मालक खरा असेलही, पण ते तुम्ही सावद्यात बसून कसं ओळखणार? गोव्यात पर्यटकांना जागा भाड्याने द्यायची तर 1982 च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, दिरांना सांगा मालकाकडून तो नोंदणीचा कागद मागवा, टाळाटाळ केली की समजून जा. आणि कुणी आधीच काही रक्कम पाठवून बसलं असेल आणि शंका आली तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, त्यात उशीर नको.

नंदोई कंपनीत आहेत आणि राहण्याचं बिल एलटीएमध्ये, म्हणजे कंपनीच्या सुट्टीतल्या प्रवासभत्त्यात, दाखवू म्हणतायत, तर तसं होत नाही, करातली सवलत फक्त प्रवासभाड्यावर असते, हॉटेल किंवा व्हिलाच्या बिलावर नाही, आणि नव्या कर प्रणालीत तर भाड्यावर पण नाही.

व्हिलाची बाजू पण सांगायलाच पाहिजे. एका छताखाली सगळे, रात्री उशिरापर्यंत गप्पा, पोरांना पूल, शेजारच्या रूमचा त्रास नाही, ओले कपडे धुवायला मशीन, हे हॉटेलात मिळत नाही आणि दीर यासाठीच मागे लागले असतील तर त्यांचं चुकत नाही. पण ते सुख स्वतःच्या गाडीने जाण्यासारख्या ठिकाणी घ्या. दोन गाड्या काढून धुळ्यावरून नाशिक, पुढे इगतपुरी किंवा त्र्यंबककडे, शाळेची सुट्टी असेल पण गर्दीचा सीझन नसेल तेव्हा, आठवड्याच्या मधल्या दोन रात्री. टॅक्सीचा खर्च नाही, परात-तवा आणि भरीताची वांगी डिकीत, स्वयंपाकाला तिथली बाई, आणि रेट दिवाळीपेक्षा बराच कमी. तेव्हा मीच म्हणेन व्हिला घ्या.

आता काय करायचं ते. आजच हॉटेलच्या पाच रूम फुकट कॅन्सलवाल्या रेटने, पैसे तिथे गेल्यावर द्यायचे या अटीवर धरा. बुक करताना दोन रूम तळमजल्यावर किंवा लिफ्टजवळ मागा, आणि जमलं तर सगळ्या एकाच मजल्यावर, म्हणजे दिरांची एकत्र राहायची हौस पण थोडी भागेल. गादीचे 600 आणि धाकट्याचं फुकट, हे दोन्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, फोनवरचं बोलणं काउंटरवर कुणाला आठवत नाही. 60 दिवसांची खिडकी उघडेल त्या सकाळी तिघांनी तीन मोबाइलवरून तिकिटं काढायची, जाण्याची आणि परतीची तारीख वेगळी उघडते हे विसरू नका. तिकिटं कन्फर्म झाली नाहीत तर हॉटेल कॅन्सल करून तारीख पुढे ढकला, नाताळ सोडून. आणि आरडी मोडायची नाही, कार्डावर ईएमआय करायचा नाही, ऑक्टोबरला पैसे खात्यात आले की त्यातले 20,000 पोरांच्या पुढच्या जूनच्या फीसाठी त्याच दिवशी बाजूला टाका. उरलेल्या 1,05,000 मध्ये हॉटेल देऊन 11,760 राहतात, रात्रीच्या जेवणाचे 14,000 त्यात बसत नाहीत, म्हणून दुपारचं आणि रात्रीचं जेवण आणि टॅक्सी तिन्ही कुटुंबांनी वाटून घ्यायची हे दिरांशी आणि नंदोईंशी निघायच्या आधी बोलून घ्या. तुम्हाला बोलायला अवघड वाटत असेल तर मिस्टरांना बोलू द्या, पण गोव्यात बिल टेबलावर आल्यावर नको, इथे घरी बसूनच.