अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅमची फाइल सारखी क्रॅश होते, कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (त्यातलीच फाइल आवरून दुरुस्त करायची सोय) करूनही दोन दिवसांत परत तेच. काय करावं?

ऑफिस री-इन्स्टॉल केलं, विंडोज अपडेट केलं, रॅम वाढवली, एवढं सगळं लिहून झाल्यावर शेवटच्या ओळीत तुम्ही हळूच म्हणताय "फाइल शेअर्ड फोल्डरला आहे, सात जण वापरतो". अहो, हे आधी सांगायचं ना!

हे मी स्वतः भोगलंय. आमची स्टॉकची एकच फाइल सर्व्हरवर, टेबलं फॉर्म रिपोर्ट सगळं त्यातच, आणि नऊ जण तीच डबल क्लिक करून उघडणार. बनवलेली मी, त्यामुळे पडली की सगळे माझ्याकडे बघणार. त्यात आमच्या सिस्टीमवाल्याचं एकच पालुपद, "अ‍ॅक्सेस म्हणजे खेळणं, एसक्यूएल सर्व्हरवर जा". (एसक्यूएल सर्व्हर म्हणजे सर्व्हरवर चालणारा वेगळा डेटाबेस प्रोग्रॅम.) हे तो भर मीटिंगमध्ये साहेबांसमोर बोलला. मला ते लागलं. अजूनही लागतं.

मग मी एक वही घातली. कधी पडली, कोण आत होतं, कुठला फॉर्म उघडा होता. फाइल चालू असताना शेजारी ती .laccdb ने संपणाऱ्या नावाची लॉक फाइल (कोण आत आहे ते नोंदवणारी) येते ना, ती नोटपॅडमध्ये उघडा, आत आलेल्या मशीनची नावं वाचता येतात (बाहेर पडलेल्यांची पण कधीकधी तशीच राहतात, तेव्हा डोळे झाकून विश्वास नको). तीन आठवड्यांत चौदा वेळा पडली आणि त्यातल्या बारा वेळा यादीत एक लॅपटॉप होताच. साहेबांचा. वायफायवर. फाइल उघडी टाकून झाकण मिटायचं आणि उठून जायचं, ही त्यांची सवय. आणि ते वायफाय त्यांना जोडून कोणी दिलं होतं? याच सिस्टीमवाल्याने. वही दाखवली तर म्हणतो, "साहेबांना कोण सांगणार?" म्हणजे त्यांना सांगायचं नाही म्हणून अ‍ॅक्सेस खेळणं!

अ‍ॅक्सेसमध्ये पलीकडे सांभाळणारा कोणी नसतो हे लोकांच्या लक्षातच येत नाही. प्रत्येकाच्या मशीनवरचं इंजिन थेट नेटवर्कवरून त्या फाइलमध्ये लिहितं, चार-चार केबीच्या पानांत, आणि लिहिता लिहिता कनेक्शन तुटलं की पान अर्धवट राहतं, मग पुढे जो उघडायला जाईल त्याच्या तोंडावर एरर. कॉम्पॅक्ट म्हणजे झाडू मारणं, छप्पर गळतंय ते गळतंच. शिवाय रिपेअर करताना खराब झालेल्या ओळी गुपचूप उडू शकतात, माझ्या उडाल्यात, त्यामुळे आधी कॉपी काढा.

तर फाइल स्प्लिट करा. सर्व्हरवर फक्त टेबलं, आणि फॉर्म-रिपोर्टची कॉपी प्रत्येकाच्या स्वतःच्या डिस्कवर. डेटाबेस टूल्समध्ये स्प्लिटर आहे, दहा मिनिटांचं काम. पण नुसतं स्प्लिट करून वायफायवाला तसाच ठेवलात तर टेबलं तरीही खराब होणार, त्याला केबल द्या नाहीतर रिमोट डेस्कटॉप (म्हणजे ऑफिसातलंच मशीन लांबून चालवायचं). साहेबांना आम्ही रिमोटच दिलं, सांगितलं की "फास्ट चालेल". आणि तुमचा शेअर्ड फोल्डर म्हणजे वनड्राइव्हसारखं सिंक होणारं काही असेल तर आज संध्याकाळच्या आत तिथून फाइल हलवा.

हां, हे सगळं अनेकांच्या मशीनवर पडत असेल तर. एकाच मशीनवर, एकच फॉर्म उघडताना पडत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा नवीन कोरी फाइल घेऊन त्यात सगळं इम्पोर्ट करा, डीकम्पाइल करून (म्हणजे आतला तयार झालेला कोड पुसून नव्याने बनवायला लावून) बघा, आणि हसू नका पण डीफॉल्ट प्रिंटर बदलून बघा, खराब प्रिंटर ड्रायव्हरने पण रिपोर्ट उघडताना अ‍ॅक्सेस झोपतं. आणि फाइल २ जीबीच्या जवळ गेली असेल तर ती मर्यादाच आहे, तिथे माझी वही काही कामाची नाही.

एसक्यूएल सर्व्हरला माझा विरोध नाही. तिथे लिहिण्याचं काम सर्व्हर स्वतः करतो, लॅपटॉप मिटला तर फार तर तेवढं एक काम रद्द होतं, फाइल मरत नाही. हे त्याने तेव्हा मीटिंगमध्ये नीट समजावून सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी हो म्हणालो असतो. तो खेळणं म्हणाला.