चीर टाक्यात नसते, टाक्याच्या शेजारी असते

प्रश्न : मी बोईसरला फॅब्रिकेशन शॉपमध्ये टिग वेल्डर आहे. तारापूर अणुवीज केंद्राच्या जुन्या युनिटचे पाइप बदलायचं काम निघालं असं ऐकलं, ते तर स्टेनलेसचे ना? स्टेनलेसला चीर कशी पडते? आणि आम्ही इथे राहणाऱ्यांनी घाबरायचं का?

उत्तर : दादा, तुम्ही स्वतः टॉर्च धरता म्हणून तुम्हाला हे चटकन कळेल. तारापूरची युनिट 1 आणि 2 ही 1969 ची, उकळत्या पाण्याचे रिॲक्टर, 2020 मध्ये दोन्ही बंद झाली आणि रिसर्क्युलेशनचे, म्हणजे रिॲक्टरमधलं पाणी फिरवणारे पाइप बदलायला घेतले. त्या काळात अशा रिॲक्टरना 304 ग्रेडच्या स्टेनलेसचे पाइप सर्रास वापरत, त्यात कार्बन जरा जास्त. वेल्ड करताना टाक्याच्या, म्हणजे वेल्डच्या जोडाच्या, दोन्ही बाजूंचा पट्टा साधारण 500 ते 800 डिग्रीत काही वेळ राहतो आणि तेवढ्यात कार्बन क्रोमियमला पकडून कणांच्या सीमेवर जाऊन बसतो, मग त्या सीमेलगत क्रोमियमच कमी पडतं, म्हणजे तेवढ्या जागी स्टेनलेस हे स्टेनलेस राहतच नाही. त्यात आतून 280 डिग्रीच्या वरचं पाणी, त्यात विरघळलेला ऑक्सिजन, आणि टाका थंड होताना आवळला जातो तो ताण. तिन्ही एकत्र आले की आतल्या बाजूने चीर सुरू होते, कणाकणांच्या मधून. बाहेरून पाइप चकाचक, ब्रश मारून निळा रंग काढला तरी आतलं तसंच.

आता तपासायचं कसं, तर यूटी, म्हणजे अल्ट्रासॉनिक टेस्टिंग, कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाने. जेल लावायचं, प्रोब टाक्याच्या बाजूने नागमोडी सरकवायचा, स्क्रीनवर एको, म्हणजे परत आलेला आवाज, बघायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण स्टेनलेसच्या टाक्यातले कण मोठे आणि लांबट, आवाज त्यात विखुरतो, वाकतो, आणि रूटच्या, म्हणजे टाक्याच्या आतल्या तळाच्या, मण्याचाही एको येतोच, चिरीच्या अगदी शेजारी. मी शिकताना मॉकअपवर, म्हणजे सरावाच्या नमुना पाइपवर, एक एको चीर म्हणून खडूने मार्क केला, तेव्हा आमच्या उस्तादांनी कागदावर पाइपचा छेद काढायला लावला आणि मोजलेलं अंतर त्यावर मांडायला सांगितलं, बिंदू बरोबर रूटवर पडला. खरी चीर तिथून चार मिलिमीटर बाजूला होती, बारीक एको, प्रोब जरा फिरवला की गायब. तेव्हापासून कागदावर मांडल्याशिवाय मी कधी सही केली नाही.

अमेरिकेत नाइन माइल पॉइंट अणुवीज केंद्रात 1982 मध्ये हेच झालं, आधीच्या तपासणीत चिरा सुटल्या होत्या आणि पाण्याचा दाब देऊन बघताना गळती दिसली तेव्हा कळल्या. त्यानंतर तिथल्या नियामकाने तपासणाऱ्यांना खरोखर चिरलेल्या पाइपच्या तुकड्यांवर आधी परीक्षा द्यायला लावली. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, मशीन कितीही भारी असो, प्रोब धरणाऱ्याने खरी चीर शोधून दाखवलीय का ते आधी विचारा.

घाबरायचं म्हणाल तर हे स्टील चिवट आहे, सहसा आधी गळतं, एकदम फुटत नाही, आणि गळती मोजायची सोय असते. पण म्हणून गळायची वाट बघायची नसते, पाइप बदलणं हेच बरोबर. नवे पाइप कमी कार्बनचे असतात, तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. फ्रान्समध्ये पेनलीच्या अणुवीज केंद्रात 2023 मध्ये कमी कार्बनच्याच, 27 मिलिमीटर जाड पाइपात 23 मिलिमीटर खोल चीर निघाली, आणि तो टाका उभारणीच्या वेळी दोनदा रिपेअर केलेला होता. म्हणून कळकळीने सांगतो, रिपेअर केलं की नोंद कराच, सुपरवायझर राहू दे म्हणाला तरी करा. चाळीस वर्षांनी कुठला टाका आधी बघायचा हे त्या कागदावरूनच ठरवतात.

प्रश्न : एक्स-रे काढला की काम भागत नाही का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : नवीन टाक्यात पोरॉसिटी (आत अडकलेले वायूचे बुडबुडे), फ्युजन न झालेली जागा, हे एक्स-रेत छान दिसतं. पण ही चीर केसासारखी बंद असते, किरण तिच्या रेषेत गेला तरच फिल्मवर उठते. वर चालू प्लांटचा पाइप स्वतःच रेडिएशन देतो, फिल्म धूसर होते. डीपीला, म्हणजे रंग लावून चीर शोधायच्या पद्धतीला, चीर पृष्ठभागावर उघडी लागते आणि इथे ती आतून आहे. म्हणून यूटीच, आणि आता बऱ्याच ठिकाणी स्कॅनर पाइपला पट्ट्यासारखा बांधतात, माणूस लांब स्क्रीनपुढे बसतो, त्याला रेडिएशनचा डोसही कमी लागतो आणि घाईही करावी लागत नाही.