नवा गेमिंग कॉम्प्युटर : आधी अर्थिंग, मग विंडोज

प्रश्न : ताई, नमस्कार. मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा तूर विकल्यावर बाबांनी थोडे पैसे दिले, बाकीचे मी शिकवण्या घेऊन जमवले आणि नागपूरहून गेमिंग कॉम्प्युटर असेंबल करून आणला. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी डीडीआर५ रॅम, १ टीबी एनव्हीएमई ड्राइव्ह, ६५० वॅटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर. विंडोज टाकलेलं नाही. मागे लाइनीने आमचा टीव्ही जळाला होता, म्हणून बाबा कॉम्प्युटर लावू देत नाहीत. ६५० वॅट म्हणजे बिलही फुगेल म्हणतात. बॉक्स तसाच पडून आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : बाबू, बाबा अडवतात ते बरोबरच आहे, त्यांच्यावर रागावू नकोस. आमच्या दारव्ह्याच्या दुकानात खेड्यांतून जळालेल्या मशीन येतात, त्यांत मशीनचा दोष क्वचित निघतो. घरी विचारलं की अर्थिंग नसतंच. म्हणून बॉक्स अजून थोडा पडून राहू दे आणि आधी चांगला वायरमन बोलाव.

त्याला मल्टीमीटर घेऊन यायला सांग. कॉम्प्युटर ज्या सॉकेटला लागणार, त्याच सॉकेटची तीन रीडिंग घ्यायची. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास पाहिजे. फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. दुसरं रीडिंग धड येत नसेल, तर सॉकेटचं वरचं मोठं छिद्र नुसतं नावाला आहे, त्याच्या मागे जमिनीपर्यंत तार गेलेलीच नाही. अशा घरात कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. लोक म्हणतात करंट मारते, मशीन खराब निघाली. तसं नसतं. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून अगदी किंचित करंट कॅबिनेटकडे येतो. तो अर्थच्या तारेने जमिनीत जायला पाहिजे. तार नसली की तो पत्र्यावर तसाच राहतो, आणि तुझा हात लागला की तुझ्यातून वाट काढतो.

अर्थिंग नवं करायचं तर खड्डा घराच्या बाहेर, मोरीचं पाणी जिरतं त्या बाजूला घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपाभोवती पोकळी पडते आणि पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये निकामी होतं. कोळसा-मीठ टाकून भागत नाही. उन्हाळाभर त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. हे काम घरातल्या कोणाकडे तरी नेमून दे, नाहीतर राहतं.

टीव्हीचं म्हणशील, तर असं जळणं बरेचदा डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल सुटल्याने होतं. न्यूट्रल सुटला की एका घरचा दिवा मिणमिणतो आणि दुसऱ्या घरी व्होल्टेज चारशेच्या जवळ चढतं. ते अर्थिंगने थांबत नाही. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो, बोर्डात एमसीबीच्या शेजारी बसतो. व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की तो लाइन तोडतो आणि ठिकाणावर आलं की पुन्हा जोडतो. वायरमन आलेलाच आहे, तर त्याच्याकडून हाही बसवून घे. फ्रिज आणि पंखेही वाचतील, आणि हे ऐकलं की बाबा हो म्हणतील असं मला वाटतं.

आता बिलाचं. एसएमपीएसवरचे ६५० वॅट ही त्याची ताकद आहे, रोजचा खर्च नव्हे. तुझं कार्ड ११५ वॅटचं आहे आणि प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला, भर खेळात नव्वदीच्या आत राहणारा. मॉनिटर धरून खेळताना सगळं मिळून अडीचशे-तीनशे वॅट. रोज तीन तास खेळलास तर पाऊण ते एक युनिट, म्हणजे महिन्याला फार तर तीस. मात्र तुमचं घर शंभर युनिटच्या काठावर असेल, तर तेवढ्यानेही वरचा स्लॅब लागतो. मागची बिलं काढून हा हिशोब बाबांसमोर बसूनच कर.

यूपीएस घ्यायचा तर ६०० व्हीएचा नको. त्यातून खरे ३६० वॅटच्या आसपास मिळतात, कार्डाने एकदम ओढलं की तो टुंग करून बंद पडतो. हजार व्हीएचा घे, आणि तो खेळत राहण्यासाठी नाही, लाइट गेल्यावर मशीन नीट बंद करण्यासाठी आहे हे धरून चाल. एसएमपीएसच्या बाजूचं लेबलही वाच. इनपुट १०० ते २४० लिहिलं असेल, तर शिवारात मोटारी चालू झाल्यावर पडणाऱ्या व्होल्टेजची त्याला फारशी फिकीर नाही. २०० ते २४० असेल, तर स्टॅबिलायझर घ्यावा लागेल.

एवढं झालं की बॉक्स उघड. कॅबिनेट फरशीवर ठेवू नकोस, खाली गोधडी अंथर. बाजूची टेम्पर्ड काच फरशीच्या कडेला नुसती टेकली तरी चुरा होऊन पडते. काच काढून आत बघ. प्रवासासाठी आत फोम भरलेला असतो, तो काढल्याशिवाय बटण दाबायचं नाही. एसटीच्या धक्क्यांनी कार्ड आणि रॅम हललेली असू शकतात, म्हणून दोन्ही हलक्या हाताने दाबून बसलीत का पाहा. कार्डाची आठ पिनांची वायर पूर्ण आत गेली पाहिजे, खटका ऐकू येतो.

मॉनिटरची केबल कॅबिनेटच्या मागे खाली, आडव्या लावलेल्या कार्डाच्या पोर्टात लाव. हे मी ठासून सांगते, कारण तुझ्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे. केबल वरच्या मदरबोर्डच्या पोर्टात लावलीस तरी चित्र दिसेल, सगळं ठीक वाटेल, आणि एवढं महागाचं कार्ड नुसतं बसून राहील. गेम अडखळत चालला की पोरं दुकानदाराला फोन करतात, आणि निघते ती केबल.

पहिल्यांदा बटण दाबलंस की पंखे फिरतील आणि स्क्रीन काळीच राहील. घाबरून बंद करू नकोस. डीडीआर५ची मशीन पहिल्या वेळी रॅमची जुळवणी करते, त्यात काही मिनिटं जातात. दहा-पंधरा मिनिटं थांब, आईला चहा ठेवायला सांग. नंतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्स्पो चालू कर, रॅमला तिचा पूर्ण वेग त्याने मिळतो. ते बंद असलं तर ६०००ची रॅमही बहुधा ४८००वरच धावते.

विंडोज ११ टाकताना इंटरनेट मागतं, आणि मदरबोर्डचं वायफाय तेव्हा ओळखलं जात नाही असं बरेचदा होतं. मोबाइल यूएसबी केबलने जोड आणि यूएसबी टेदरिंग चालू कर, काम होतं. विंडोजसाठी सध्या पैसे नसतील तर अ‍ॅक्टिव्हेट न करता वापर. कोपऱ्यात सूचना दिसते, वॉलपेपर बदलता येत नाही, बाकी गेम चालतात. पण कोणी पेन ड्राइव्हवर क्रॅक आणून दिला तर टाकू नकोस. त्याच मशीनवर पुढे तू बँकेचे आणि परीक्षेचे फॉर्म भरणार आहेस.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर एनव्हिडियाच्या साइटवरून घे, मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये १४४ हर्ट्‌झ निवड, ते बहुतेकदा ६०वरच असतं. मोठे गेम शंभर जीबीच्या पुढे जातात, ते रोजच्या दोन जीबी डेटात उतरणार नाहीत. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलं असेल तर घरी कनेक्शन मिळतं का विचार. नसेल तर ज्या मित्राकडे तो गेम आहे, त्याच्याकडे कॅबिनेट घेऊन जा. दोन्ही मशीन एकाच राउटरवर असल्या की स्टीम हे गेमचं अ‍ॅप त्याच्या मशीनमधून फाइली घेतं, डेटा जवळपास लागत नाही. गेम मात्र तुझ्या खात्यात विकत घेतलेला किंवा फुकटातला पाहिजे.

आणि मृगाच्या आधीपासूनच, ढग गडगडायला लागले की प्लग ओढून काढायचा, बटण बंद करून भागत नाही. राउटरची लॅन केबलही काढ. फायबरमधून वीज येत नाही, पण राउटर बोर्डाला लावलेला असतो, तिथून लॅन केबलने ती तुझ्या मदरबोर्डपर्यंत पोचते.

प्रश्न : आमच्या ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात मुलाचा गेमिंग कॉम्प्युटर दुपारी अडखळतो, कधी आपोआप बंद पडतो. घर टिनाचं आहे. कूलर कॅबिनेटच्या समोर लावला तर चालेल का?

उत्तर : समोर नको. कूलरच्या हवेबरोबर बारीक थेंब उडतात, बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात आणि ओलसर हवेत धूळ चिकटून राहते. कूलर खोलीसाठी लावा, झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका आणि समोरची एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसती दमट वाफ कोंडते.

आतली चिप खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच जास्त तापते. हिवाळ्यात खोली २८ अंश असताना प्रोसेसर ७० दाखवत असेल, तर टिनाखाली खोली ४३ झाल्यावर तो ८५ दाखवणारच. तापमान त्याच्या ठरलेल्या हद्दीला पोचलं की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, ते तुम्हाला अडखळणं म्हणून दिसतं. मुलाला गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम सेकंदाला ६०वर बांधायला सांगा, कार्ड बरंच कमी तापतं. नवतपाच्या दुपारी खेळ बंदच ठेवा, रात्री खेळू द्या.

त्याआधी कॅबिनेट अंगणात नेऊन साफ करा. थ्रेशर चालतो त्या दिवसांत भुसा आणि कपाशीचे तंतू पुढच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात, हवाच आत जात नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सुसाट फिरलं तर पंखा खराब होतो. मागची एखादी पट्टी उघडी असेल तर तीही बंद करून टाका, उबेला पाली आत शिरतात.