आठाची २५ माणसं झाली तेव्हा

भाऊ, हिंगणा एमआयडीसीतल्या तुझ्या कारखान्यात आठाची २५ माणसं झाली. आता प्रत्येक गोष्ट तुझ्याकडे येऊ देऊ नकोस. सगळ्यात चांगल्या फिटरला सुपरवायझर करायचं असेल तर आधी त्याला विचार. मी न विचारता केलं होतं. कारागीरही गेला, शिफ्टही विस्कटली. अजून वाईट वाटतं. जबाबदारी दिलीस तर रजा मंजूर करायचा अधिकारही दे, आणि त्याचा शब्द सगळ्यांसमोर फिरवू नकोस. चुकला तर संध्याकाळी एकट्याला बसवून सांग.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याची अंतर्गत समिती १० माणसांपासूनच लागते, पीएफ २० पासून. दोन्ही याच महिन्यात कर. मे महिन्यात शिफ्ट सकाळी लवकर सुरू कर; नागपुरात ४५ अंशांत पत्र्याच्या शेडखाली माणसं करपतात रे.