देवाला हप्ता लागत नाही

‘मावशी, नवऱ्याची बायपास होऊन वर्ष झालं. तो आता ठणठणीत आहे, कामावर जातो, पूर्वीसारखा चिडवतोही. माझी मात्र रोज पहाटे तीनला झोप उडते. त्याचा श्वास चालू आहे ना, हे मी अंधारात कान लावून ऐकते. छाती धडधडते, हात गार पडतात. माझा ईसीजी काढला, त्यात काही निघालं नाही. मग मी प्रार्थनेला बसते. तेवीस जणांची नावं ठरलेल्या क्रमाने घेते. एखादं राहिलं किंवा मन भरकटलं तर पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर त्या माणसाचं काहीतरी वाईट होईल असं वाटतं. त्यानंतर वहीत दहा उपकार लिहायचे. लिहिताना मनात येतं, देवाने नवरा परत दिला तरी मी घाबरते, म्हणजे मी कृतघ्नच. चर्चच्या मंडळीतल्या एका ताईंजवळ बोलले, तर त्या म्हणाल्या, “विश्वास असतो तिथे भीती राहत नाही.” फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला चिठ्ठी दिली आहे. ती मी बायबलच्या कव्हरात लपवून ठेवली आहे. माझं काय चुकतंय?
– नाव छापू नये’

नाव छापलेलं नाही, काळजी करू नकोस. (हे वाक्य तुला किती जणांनी ऐकवलं असेल! मी निदान नावापुरतंच म्हणते आहे.)

आधी त्या ताईंचं बघू, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त तेच सलतंय. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे फिलिप्पैकरांच्या पत्रातलं वचन तुला पाठ असणार. चौथा अध्याय, सहावी ओवी. आता त्याच पत्राचा दुसरा अध्याय काढ. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल कैदेत आहे. त्याच्या मदतीला आलेला एपफ्रदीत आजारी पडून अगदी मरणाच्या दारात गेला होता आणि देवाच्या दयेने बरा झाला. पौल लिहितो, देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. पुढे तो म्हणतो, याला मी लवकर तुमच्याकडे पाठवतो, म्हणजे तुम्हाला आनंद होईल आणि माझाही भार हलका होईल. माणूस बरा झालाय, देवाची दया मान्य आहे, आणि तरीही पौलाच्या मनावर भार आहेच. ‘चिंताक्रांत होऊ नका’ लिहिणारा हाच माणूस. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, अकराव्या अध्यायात, तर सगळ्या मंडळ्यांची चिंता मला रोज असते असं तो सरळ सांगतो. पौलाचा विश्वास कमी पडला असं त्या ताई म्हणतील का?

म्हणजे ते वचन हुकूम म्हणून वाचायचं नाही. घाबरलेल्या माणसाचा हात धरून कोणी ‘घाबरू नकोस’ म्हणतं, तसं ते आहे. आणि पुढची ओळ आपण घाईत वाचून टाकतो. पौल ‘चिंता थांबवा, मग देवाकडे या’ असं म्हणत नाही. जे काही आहे ते प्रार्थना, विनंती आणि आभार यांच्यासह देवाला कळवा, एवढंच म्हणतो. म्हणजे भीती सोबत घेऊनच यायचं आहे.

मला खरी अडचण दिसते ती तुझ्या त्या तेवीस नावांत. तू घरच्यांसाठी, आप्तांसाठी मनापासून मागतेस, यात खोट नाही. पण एक नाव राहिलं तर त्याचं वाईट होईल म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, इथे प्रार्थनेचा विम्याचा हप्ता झाला. रोज पहाटे भरायचा, चुकला तर पॉलिसी बंद, माणसं उघड्यावर. वहीतले दहा उपकार म्हणजे त्यावरचा दंड. असा हप्ता भरणाऱ्याला शांती कशी लाभणार? उद्या पहाटे तीनला पुढचा हप्ता उभा असतोच.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू याबद्दल बोलला आहे. उद्याची चिंता करू नका, आकाशातल्या पाखरांकडे बघा, हा भाग सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच अध्यायात थोडं आधी तो सांगतो की, फार बोललो म्हणजे ऐकलं जाईल असं समजून बडबड करू नका, तुम्ही मागण्याआधीच तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक असते. आणि लगेच तो ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ शिकवतो. इतकी छोटी प्रार्थना. त्यात भाकर मागायची तीही आजची.

तू म्हणशील, अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत येशूनेही तेच शब्द तीनदा उच्चारले. खरं आहे. तो व्याकूळ होता, माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे असं त्याने मित्रांना सांगितलं, आणि त्याच त्या शब्दांनी पुन्हा पुन्हा मागितलं. दुःख इतकं मोठं असतं की दुसरे शब्द सुचत नाहीत, तेव्हाचं ते बोलणं आहे. एखादा शब्द गळाला तर बाप रागावेल, या धाकाने तो पुन्हा सुरुवातीला गेला नाही. तुझ्या यादीत आणि त्यात फरक आहे तो एवढाच, पण फार मोठा आहे.

या चक्रात सापडलेली तू पहिली नाहीस. इग्नेशियस लोयोला 1522 मध्ये स्पेनमधल्या मानरेसा इथे राहत असताना पापकबुली देऊन यायचे आणि काहीतरी सांगायचं राहिलं असं वाटून त्याच गोष्टींसाठी पुन्हा जायचे. महिनोन्‌महिने हे चाललं, जीव नकोसा होईपर्यंत. शेवटी त्यांनी ठरवलं की जुन्या गोष्टींची कबुली आता पुन्हा द्यायची नाही, आणि तिथून त्यांची सुटका सुरू झाली. मार्टिन लूथर मठात असताना तासन्‌तास कबुली देत बसायचे, त्यांचे गुरू श्टाउपिट्झ कंटाळून जायचे. एक कॅथलिकांचा संत, दुसरे प्रोटेस्टंटांचे अध्वर्यू, आणि दोघांनाही भक्तीच्या नावाखाली भीतीनेच पिळलं. आज मानसोपचारात धार्मिक बाबतींतल्या अशा सक्तीच्या आवर्तनांकडे ओसीडीचा (नको असलेले विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचा) एक प्रकार म्हणून पाहिलं जातं. तुला तेच आहे असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून कोणालाही आजाराचं नाव चिकटवू नये. पण ही नावांची गोष्ट डॉक्टरांना जशीच्या तशी सांग. नुसती ‘झोप येत नाही’ एवढ्यावर थांबू नकोस.

आणि हो, चिठ्ठी. कव्हरातून काढ आणि अपॉइंटमेंट घे. नवऱ्याच्या वेळी ‘शस्त्रक्रिया कशाला, विश्वास ठेवा’ असं कोणी म्हटलं असतं, तर तू त्याला दारातूनच परत पाठवलं असतंस. मग स्वतःसाठी वेगळा न्याय का? पौलाच्या सोबत्यांपैकी लूक वैद्य होता, आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. अशा त्रासावर बोलून करायचे उपचार आहेत, गरज लागली तर गोळ्याही आहेत. गोळ्यांचा परिणाम दिसायला बहुधा काही आठवडे जातात, तेव्हा चार दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नकोस आणि नंतर बरं वाटलं म्हणून आपल्या मनानेही बंद करू नकोस. मात्र कधी जगणंच नको असं वाटू लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच क्षणी नवऱ्याला उठवायचं आणि डॉक्टर गाठायचे.

मग पहाटे तीनला करायचं काय? यादी नाही. हे अवघड जाईल, पहिल्या काही रात्री भीती वाढेलही, ते गृहीत धर. सगळ्यांना मिळून एकच वाक्य: ‘प्रभू, माझी सगळी माणसं तुला ठाऊक आहेत.’ आमेन म्हणायचं आणि मोजणी बंद. एखादं नाव डोक्यात टोचत राहिलं तरी परत मागे जायचं नाही. ते टोचणं तसंच राहू दे, थोड्या वेळाने त्याची धार आपोआप कमी होते. (उपचार सुरू झाले की तिथेही बहुधा हेच शिकवतील, फक्त जास्त पद्धतशीर.)

छाती धडधडत असेल तर आधी शरीराकडे बघ. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दे, त्याने हृदयाची गती उतरायला मदत होते. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांत शेकडो वर्षं एक छोटी प्रार्थना श्वासाबरोबर म्हटली जाते. श्वास घेताना ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’. ती मोजायची नाही, नाहीतर तिचीही यादी होईल. तुझा स्वभाव बघता हे आधीच सांगून ठेवते. तरीही डोळा लागला नाही, तर अंथरुणात तळमळत पडू नकोस. उठून दुसऱ्या खोलीत बस आणि दिवा मंद ठेव. तेराव्या स्तोत्रात दावीद ‘किती वेळ, परमेश्वरा?’ असं चार वेळा विचारतो. ते हवं तर मोठ्याने वाच. देवाशी असं बोललेलं चालतं. बायबलमध्येच आहे.

आता वही. ती मुळात सोडायची नाही, पण दहाचा आकडा सोड आणि रोजचा नेमही सोड. 2003 मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅक्कलो या मानसशास्त्रज्ञांचा कृतज्ञतेवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदाच लिहायला सांगितलं होतं, तेही जास्तीत जास्त पाच गोष्टी. त्रासदायक गोष्टी लिहिणाऱ्यांपेक्षा या विद्यार्थ्यांना आपलं आयुष्य जास्त बरं वाटलं. तो काही चिंतेच्या आजारावरचा इलाज नव्हता, त्यामुळे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. पण रोजच्या दहांची सक्ती त्यात नव्हती, एवढं तू नक्की घेऊ शकतेस. रविवारी उपासनेनंतर लिही. ‘कुटुंबासाठी आभार’ असं मोघम नको. त्या आठवड्यात तू स्वतः पाहिलेलं काहीतरी लिही. तो जिना चढून आला आणि दम न लागता बोलत राहिला. मंगळवारी तू चारपर्यंत झोपलीस. एवढं पुरे.

थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ सर्व स्थितीत. प्रत्येक स्थितीबद्दल नाही. बायपासबद्दल किंवा ऑपरेशन थिएटरबाहेर काढलेल्या त्या तासांबद्दल देवाचे आभार मानायची तुझ्यावर सक्ती नाही. त्या तासांचा हिशेब अजून झालेला नाही, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. तेव्हा तू सगळ्यांना धीर दिलास, सह्या केल्यास, डबे पोचवलेस. घाबरायला तुला सवड मिळाली नाही. माणूस घरी आला, धोका टळला, आणि मग शरीराने थकबाकी मागायला सुरुवात केली. असं पुष्कळांचं होतं. त्यात कृतघ्नपणा कुठे आला? ज्याच्यावर जीव आहे त्याला गमवायची वेळ आली होती, म्हणून तू घाबरलीस. आभार मानतानाही हात थरथरू शकतात, आणि देवाला दोन्ही एकदम दिसतं.

हे सगळं नवऱ्याला माहीत आहे का? पत्रात त्याचा श्वास आहे, त्याचं बोलणं नाही. त्याच्या हृदयाला धक्का नको म्हणून तू लपवत असशील. पण तो कामावर जातो, जिने चढतो, तर एवढं ऐकायला समर्थ आहे. रात्री आठला सांग, पहाटे तीनला नको. कोणी सांगावं, तोही भिंतीकडे तोंड करून जागाच असेल. रात्री झोपण्याआधी दोघांनी मिळून दोन मिनिटं प्रार्थना करा. शब्द त्याला म्हणू दे, तू फक्त आमेन म्हण. दुसऱ्याच्या शब्दांत आपली चूक काढायला जागा नसते, म्हणून तुझ्यासारखीला हे फार बरं.

राहिल्या ताई. त्यांच्याशी भांडू नकोस, पण गप्पही बसू नकोस. बायबलमधल्या हन्नेची गोष्ट आठव. मूल होत नाही म्हणून ती मंदिरात रडत, नुसते ओठ हलवत प्रार्थना करत होती, आणि खुद्द याजक एलीने तिला दारू प्यालेली ठरवलं. तिने ते मुकाट्याने ऐकून घेतलं नाही. नाही स्वामी, मी दुःखी आहे, माझं मन परमेश्वरापुढे मोकळं करत होते, असं तिने आदराने पण स्पष्ट सांगितलं. एलीने ते मानलं आणि तिला शांतीने जा म्हणून आशीर्वाद दिला. ती परत गेली, जेवली, तिचा चेहरा पुन्हा उदास दिसला नाही, आणि तिचा पुढे झालेला मुलगा शमुवेल तर अजून पोटातही नव्हता. ताईंना पुढच्या वेळी एवढंच म्हण: ‘माझा विश्वास आहे आणि मला भीतीही वाटते. मी डॉक्टरांकडे जाते आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा.’ एलीसारख्या त्याही बदलतील. नाहीच बदलल्या तर प्रार्थना सभेत जरा लांबच्या खुर्चीवर बस, आणि पाळकांच्या पत्नीशी किंवा जिच्याशी मोकळं बोलता येईल अशा कोणाशी तरी बोल.

डॉक्टरांकडे जाऊन आलीस की मला लिही. दहा ओळी नको, दोन पुरतील.

– मावशी