गूळ चालतो, इन्सुलिन नको?

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. साखर सोडून ते चहात गूळ घालतात. डॉक्टरांनी सांगितलेले इन्सुलिन मात्र ‘सवय लागेल’ म्हणून टाळतात. हे योग्य आहे का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही. गुळातही मुख्यतः सुक्रोजच (साखरेत असते तेच) असल्यामुळे तो रक्तातील साखर जवळजवळ तितकीच वाढवतो. गुळाचा चहा आणि बेळगावी कुंदा ही मिठाई यांचा हिशेब एकत्रच धरावा. इन्सुलिनची सवय लागत नाही. स्वादुपिंडात ते वर्षानुवर्षे कमी तयार होऊ लागते, तेव्हा ती उणीव बाहेरून भरून काढावी लागते. आणि हे लांबवल्यास डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या नसा यांची हानी काहीही न दुखता होत राहते, याचीच मला अधिक काळजी वाटते. रक्तातील साखरेची मागील 2 ते 3 महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करून वडिलांना त्याच डॉक्टरांकडे लवकर न्यावे.